सहाशे सहा टेक आणि कुडपणची ओसरी

पोलादपूर सोडून कुडपणची चढण लागली की आधी आमच्या मोबाईलची रेंज गेली आणि मग ‘सोमवारी प्रेझेंटेशन आहे’ ही डोक्यातली कटकट. रायगड, सातारा आणि रत्नागिरी हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना खेटतात, त्या कोपऱ्यातलं हे गाव. याला मिनी महाबळेश्वर म्हणायची फॅशन आहे. मला नाही आवडत. महाबळेश्वरला ट्रॅफिक जॅम असतो, इथे रस्त्यात म्हशी बसतात आणि त्यांना घाई नसते.

आम्ही पाच जण भीमाची काठी बघायला गेलो होतो. गावाजवळचा उभाच्या उभा सुळका. पण ढग असे उतरले, की दोन दिवसांत तिचं टोकसुद्धा दिसलं नाही. मग काय, सारवलेली ओसरी, कोरा चहा आणि आमच्यातल्या एका एडिटरच्या लॅपटॉपमधली त्याची लाडकी जाहिरात.

होंडा अकॉर्डची ‘कॉग’. ६ एप्रिल २००३ रोजी ब्रिटनमध्ये ब्राझिलियन ग्रांप्रीच्या वेळी पहिल्यांदा दाखवली गेली. दोन मिनिटांची. एक बेअरिंग घरंगळतं, दुसऱ्याला धडकतं, आणि गाडीचे सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात. वायपर जमिनीवर सरपटतात, टायर चक्क चढावर चढतात आणि शेवटी अख्खी गाडी उतारावरून हळूच खाली येते. ‘ग्राफिक्स असणार!’ असं आम्हीही म्हणालो. नाही. दिग्दर्शक आंत्वान बार्दू-जाके यांनी पॅरिसच्या स्टुडिओत हे खरोखर घडवलं. एक-एक मिनिटाचे दोन सलग शॉट, आणि सांधा बेमालूम लपवलाय सायलेन्सर घरंगळतो तिथे. शूटिंग चार दिवसांचं, पण त्याआधी कित्येक महिने नुसत्या चाचण्या. हवेतला दमटपणा बदलला, थोडी धूळ बसली की सगळं फिसकटायचं. पहिल्या दिवशी पहिलं बेअरिंग दुसऱ्यावर नीट आपटायलाच दीड तास गेला. चाचण्या धरून टेक झाले ६०६.

घरातला सहावीतला नातू हे सगळं वाकून बघत होता. त्याला एकच प्रश्न पडला, “टायर वर कसा जातो?” एडिटरने सांगितलं, आत एका बाजूला वजन लपवलेलं असतं, ते वजन खाली यायला बघतं आणि टायरला वर नेतं. पोरगा गायब. दहा मिनिटांनी तीनचाकी सायकलचं तुटकं चाक घेऊन हजर, आत एका बाजूला ओली माती कोंबलेली. फळी तिरकी लावली, चाकाला बोट लावलं, आणि चाक वीतभर वर गेलं! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग संध्याकाळपर्यंत वाट्या, बॅटरीचे सेल, आगपेट्या, आजीचं लाटणं. लाटणं सरळ जाईना, कारण ओसरीला एका कोपऱ्यात उतार. तेविसाव्या वेळी उंबऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा आम्ही अक्षरशः ओरडलो.

आजी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, “आणि मधी थांबवायचं झालं तर?”

कुणालाच उत्तर सुचेना. त्या सबंध युनिटने महिनोन्‌महिने ‘थांबू नये’ म्हणून डोकं फोडलं होतं. आजीच्या डोक्यात दुसरंच होतं. जुलै २०२१. याच तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड आली, शेजारच्या महाडमध्ये तळीये गेलं. पाणी मातीत मुरतं, माती जड होते, खालची पकड सुटते, मग दगड, झाडं, घरं. तिथे रिटेक नसतो. तेव्हापासून पाऊस जोर धरला की तिचा मुलगा मुंबईहून फोन करतो, ‘इकडे या.’ फोन लागला तर. नातवाला पुढच्या वर्षी तो नेणारच आहे, तिकडे शाळेत घालायला. आजी मात्र “माझं काय हितंच” म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.

पोराने सगळं ऐकलं, काही न बोलता चाकातली माती ओली केली आणि चोविसाव्यांदा बोट लावलं. वाटी उंबऱ्यावरून उडी मारून अंगणातल्या चिखलात पडली.

रविवारी सकाळी निघताना ढग तसेच होते. फळी, सेल, आगपेट्या अजून ओसरीवर मांडलेल्या होत्या, आणि आजी त्यांना वळसा घालून केर काढत होती.