रंगाखालचे लाकूड

अलिबागजवळच्या नागावात पोफळींच्या सावलीला एक जुना गोठा आहे. गुरे केव्हाच गेली; तेथे १९४८ सालची एक एमजी टीसी उभी असे. दोनच आसनांची, पाठीवर सुटे चाक वागवणारी, तारांच्या आऱ्यांची उंच चाके मिरवणारी. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन अवघे १२५० सीसीचे, आणि अंगाच्या पत्र्याखाली सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजलेला निदान दिसतो. लाकूड आतल्या आत कुजते आणि वरचा रंग त्याचा पत्ता लागू देत नाही.

मालकांनी ती भंगाराच्या भावात घेतली तेव्हा दार उघडताच चौकटीचा भुगा हाती आला होता. ॲश येथे कोठून मिळणार? रेवदंड्याच्या बाजूला होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध सुताराने कुजक्या तुकड्यांवरून साचे काढले आणि सारा सांगाडा सागवानात पुन्हा जुळवला. आसनांचे चामडे जैन घराला नकोच होते. तेथे रेक्झिन आले. या साऱ्यात अकरा वर्षे गेली.

आता सत्तरी उलटली. गुडघे क्लच दाबू देईनात. गाडी विकायचे ठरले.

मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून एक तरुण ग्राहक आला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने विचारले, ‘‘काका, सगळे मूळचेच आहे ना?’’

प्रश्न साधा नव्हता. अशा गाडीची किंमत तिच्या मूळपणावर ठरते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप फारसे न बदललेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. ती प्रदर्शनाला, फेरीला न्यावी, रोजच्या वापरासाठी नव्हे. रेक्झिन डोळ्यांना दिसत होते. सागवान मात्र कोणालाही दिसले नसते.

मालक क्षणभर थांबले. कोकम सरबताचे पेले घेऊन पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मालकांनी पेचकस घेतला आणि दाराचे आतले अस्तर उतरवले.

‘‘इंजिन मूळचे, चासी मूळची. लाकूड सगळे सागाचे. काय बदलले ते या वहीत तारीखवार आहे, फोटोंसह.’’

ग्राहकाने वही सावकाश चाळली आणि बोली बरीच खाली आणली. मालकांनी एकदाच आढेवेढे घेतले, मग मान्य केले.

तो गेल्यावर पत्नी म्हणाल्या, ‘‘अहो, कोणी विचारले होते अस्तर उतरवायला?’’

‘‘त्यानेच विचारले होते की,’’ मालक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गाडी न्यायला आल्यावर तरुणाने अस्तर पुन्हा एकदा उघडून पाहिले. सागवानावर सुताराने पेन्सिलीने लिहिलेली मापे तशीच होती, देवनागरी आकड्यांत. ‘‘ही पुसायची नाहीत,’’ तो सोबतच्या मेकॅनिकला म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने स्क्रू आवळले.

गोठ्यात आता तेलाचा एक डाग तेवढा उरला आहे.