थोडा धूर असू द्यावा

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे आपल्या नैयायिकांचे लाडके उदाहरण. संसारी माणसाने त्यात स्वतःची भर घातली आहे: धूर दिसला की तेथे काहीतरी बिघडलेलेही असलेच पाहिजे! मोटारीमागे धूर दिसला की आपण गॅरेज गाठतो, स्वयंपाकघरात दिसला की शेगडीकडे धावतो. मी मात्र गेली कित्येक वर्षे अशा एका यंत्राच्या नादी लागलो आहे, की त्याचा धूर दिसेनासा झाला म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो.

हे यंत्र म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीचे नायट्रो इंजिन. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द मी जरा भीतभीतच वापरतो. ज्याच्या सिलिंडरात जेमतेम साडेतीन मिलिलिटर मावते, ते हे चिमुरडे मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेते! आपल्या थोरल्या मोटारी सहा-सात हजारांवर धापा टाकू लागतात. त्याचा खुराकही वेगळा. मेथनॉल, त्यात बहुधा १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन, आणि उरलेले तेल. या तेलात पुष्कळदा एरंडेल असते. लहानपणी ज्या एरंडेलाची वाटी पाहून आम्ही माळ्यावर दडत होतो, तेच हे पोर मिटक्या मारीत पिते. मेथनॉल मात्र विषारी, आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. तेव्हा या दिवसांत त्याचा डबा पणत्यांपासून चार हात दूरच बरा.

या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. त्याऐवजी १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बाजारात आणलेला ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवायची. इंजिन एकदा सुरू झाले की ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनम-मेथनॉल यांची रासायनिक प्रक्रिया मिळून ती तार तेवत ठेवतात. बॅटरी काढून घेतली तरी चालते.

आता हे इंजिन सुरूच होईना, तर माणूस पहिली गोष्ट काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरच्या सुया पिळू लागतो. घरात मूल रडू लागले की लगेच औषधाची बाटली काढावी, तशातलाच हा प्रकार! आधी प्लग काढून बॅटरीला लावून पाहावा. तार लखलखीत उजळते की नाही? मग इंधन. मेथनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून झाकण उघडे राहिलेला डबा बाद समजावा. मग गाळणी तुंबली आहे का आणि सायलेन्सरपासून टाकीकडे जाणारी नळी निसटली आहे का, ते पाहावे. इंधन फार शिरून इंजिन अडकले असेल, तर प्लग काढून दोरी ओढावी. साठलेले इंधन बाहेर उडते. एवढे सगळे निर्दोष ठरल्यावर मग सुयांना हात लावावा.

सुया दोन. एक भरधाव वेगाची, दुसरी मंद चालीची. इंजिन चांगले तापल्यावर आधी पहिली जुळवायची, मग दुसरी. आणि एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढीच फिरवायची. सुई सैल असली की इंधन जास्त जाते. धूर भरपूर आणि चाल जड. सुई आवळत गेले की इंधन कमी होते, आवाज चढतो, गाडी वाऱ्यासारखी सुटते. आणखी आवळा, आणखी सुटते. येथेच फसगत आहे. पूर्वी टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलात ऑइल घालून घेत असत, ते आठवा. या इंजिनाचेही सगळे वंगण इंधनातूनच येते. इंधन तोडले की तेलही तुटते, आणि इंजिन आतून भाजू लागते. ते सर्वांत गोड गाते, ते जाम होण्याच्या अगदी थोडे आधी!

म्हणून मी गाडी थांबवून इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब टाकतो. तवा तापला की नाही, हे आई असेच पाहत असे. चर्र होऊन तत्काळ उडाला तर धोका. नुसताच बसून राहिला तर इंजिन थंड. तीन-चार सेकंदांत आटला तर ठीक. आणि हा हिशेबही कायमचा नसतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या दाट हवेला इंधन थोडे जास्त लागते, मे महिन्याच्या दुपारी कमी. पुण्यात जुळवलेली सुई महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, पुन्हा जुळवावी लागते.

हे सारे काम खरे म्हणजे कानाचे. आणि साठी उलटली की कानातले वरचे स्वर आधी ओसरतात. इंजिनाच्या आवाजाचे ते शेवटचे टोक, जेथे गोडी संपते आणि चिरका सूर लागतो, मला आता ऐकू येत नाही. म्हणून मैदानावर नात माझे कान झाली आहे. तिचे वय वेगाचे, ती म्हणते, “आजोबा, अजून थोडी आवळा ना!” मी म्हणतो, “तू गाडीकडे नको, तिच्या मागे बघ.” सरळ वाटेवर गाडी भरधाव असताना मागे धुराची बारीक निळसर रेघ दिसली पाहिजे. ती रेघ म्हणजे तेल पोचत असल्याची पावती. शेवटचा थोडासा वेग आपण होऊन सोडून द्यावा, तेव्हा ती मिळते.

यंदा सुट्टीत आली तेव्हा स्क्रू ड्रायव्हर तिच्याच हातात होता. गाडी सुसाट निघाली होती, बघणारी मुले टाळ्या पिटत होती. तिने मान जराशी कलती करून ऐकले, गाडी परत बोलावली, आणि कोणी काही न सांगता सुई एका तासाएवढी उलटी फिरवली. आवाजात काय फरक पडला, ते मला कळले नाही. गाडीमागची रेघ मात्र मला स्वच्छ दिसली.