रांगोळीची रेघ आणि गोल्फची काठी

अंबरनाथ म्हटलं की बाहेरच्या माणसाला शिवमंदिर आठवतं, उल्हासनगर म्हटलं की स्वस्त कपडे आणि फर्निचर, आणि बदलापूर म्हटलं की बारवी धरण, नाहीतर लोकलची गर्दी. गोल्फ कुणालाच आठवणार नाही. इतकी वर्षं मी इथे राहते आहे, पण या तिन्ही गावांत कुणाच्या हातात गोल्फची काठी पाहिली नव्हती. रविवारी सकाळी जिथे म्हणून मोकळी जागा असेल, तिथे एकात एक मिसळून तीन-चार क्रिकेटचे सामने चाललेले असतात. कुणाचा चेंडू कुणाचा, देव जाणे! मुली कडेला सायकल धरून उभ्या. आमची लेक दहा वर्षांची होईपर्यंत त्या गर्दीत घुसायची. तेरावं लागलं तशी आपणहून घरात बसायला लागली. कुणी तिला नको म्हटलेलं नव्हतं. शाळेत आठवीच्या वर्गातही मला हेच दिसतं.

गेल्या थंडीत माझे आतेभाऊ बदलापूरला राहायला आले. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं बंगलोरला होते, तिथे हा खेळ शिकले. सामानात सात नंबरची एक आयर्न आणि भोकं पाडलेले डझनभर प्लॅस्टिकचे चेंडू. बारवीच्या रस्त्याला त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याची भातखाचरं आहेत. कापणी झाल्यावर ती मोकळीच असतात. मालकाला विचारून दादांनी आम्हां सगळ्यांना तिथे नेलं. खरा चेंडू त्यांनी मुद्दाम आणला नव्हता. तो असतो जेमतेम 46 ग्रॅमचा, पण दगडासारखा टणक. उघड्या शेतात कुणाला लागला तर काय घ्या!

आमचे हे लहानपणी विटीदांडू खेळलेले. त्यांनी काठी घेतली, बाह्या सरसावल्या आणि असा काही जोर लावला की मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू जागच्या जागी. दादा म्हणाले, “सगळ्यांचं इथेच चुकतं. मारायचं नसतं, फिरायचं असतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत चटकन कळलं. काठी लाटण्यासारखी धरायची. लाटणं घट्ट आवळलं तर पोळी फाटते, सैल सोडलं तर ते घसरतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर, उजवा खाली, आणि अंगठा-तर्जनीमध्ये होणारी घडी उजव्या खांद्याकडे वळलेली. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल, चेंडू दोन्ही पावलांच्या मधोमध. मागे जाताना खांदे वळवायचे आणि भार उजव्या पायावर घ्यायचा. पुढे येताना सुरुवात हातांनी नाही करायची. आधी भार डाव्या पायावर, मग कंबर, मग खांदे, आणि हात सगळ्यांत शेवटी. ओली चादर झटकताना फटका टोकाशी बसतो ना, तसा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. चेंडू वर उडवायचा म्हणून आपण तो खालून उचलायला जातो. ते मुळीच करायचं नाही. आयर्नचं पातं मुळातच तिरकं असतं, उचलायचं काम ते आपलं आपण करतं. आपण फक्त खाली उतरत यायचं: आधी चेंडू, मग जमीन. काठी जमिनीला टेकायची ती चेंडूच्या पुढे. हे जमतंय का, ते पाहायला दादांनी माझ्याकडून रांगोळी मागवली! खाचरात एक सरळ रेघ ओढली, ती दोन पावलांच्या मध्ये येईल असं उभं राहायचं, आणि चेंडूशिवाय काठी फिरवायची. माती रेघेवर किंवा तिच्या पुढे, म्हणजे डावीकडे, खरवडली तर बरोबर. मागे खरवडली तर भार अजून उजव्या पायावरच राहिलाय. दिवसभर रेघा ओढल्या तरी खर्च शून्य. गच्चीवर करायचं तर खाली जुनी चटई हवी, आणि काठी तिला नुसती घासून जाऊ द्यावी. दुसरा उपाय: दोन्ही काखांत नॅपकिन धरून अर्धाच झोका घ्यायचा. नॅपकिन पडला की समजावं, हात अंग सोडून पळाले.

पाठदुखी असलेल्या मैत्रिणींनी मात्र जपावं. आधी पाच मिनिटं नुसतं डावीकडे-उजवीकडे वळावं. झोका संपतो तेव्हा पोट समोर वळलेलं आणि उजवी टाच उचललेली हवी. पाय जागेवर खिळवून नुसती कंबर पिळली तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकं पूर्ण अंग वळवून, झोकून देऊन मी लग्नानंतर कधी काही केलं नव्हतं. बादली उचलते, भांडी उतरवते, पण ते सगळं वाकून.

महिन्याभराने आम्ही खारघरला गेलो. चेंबूरचं जुनं मैदान, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, 1927 सालचं, पण ते सभासदांचं. खारघरचं मैदान सिडकोने 2012 मध्ये सुरू केलं. पैसे भरून आपल्यासारख्यांनाही खेळता येतं. पांडवकड्याच्या बाजूच्या डोंगरांच्या कुशीत हिरवळ पसरलेली. अंबरनाथ-बदलापूरहून गाडीने काटई रस्ता, खोणी, तळोजा एमआयडीसी असा मार्ग. त्यातला तळोज्याचा भाग धुळीचा आणि ट्रकांचा, पण सकाळी लवकर निघालं तर सुसह्य. रेल्वेने जायचं तर ठाण्याला गाडी बदलून बेलापूर, आणि तिथून 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मेट्रोने सेंट्रल पार्क.

तिथे साठीच्या एक बाई सराव करत होत्या. सलवार-कमीज, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. जोर कुठेच दिसत नव्हता, पण चेंडू सरळ जात होता आणि ‘टक्’ असा कोरडा आवाज येत होता. शेजारचे धिप्पाड तरुण घाम गाळत होते आणि त्यांचे चेंडू उजवीकडे भरकटत होते. लेक माझा हात सोडून त्या बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. अर्धा तास हलली नाही.

घरी येताना दादांनी तिला अदिती अशोकची गोष्ट सांगितली. बंगलोरची मुलगी, पाच-सहा वर्षांची असताना खेळायला लागली. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका फटक्याने कांस्यपदक हुकलं. त्या स्पर्धेत तिची काठ्यांची पिशवी वाहत होती तिची आई. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात बरं का, भाजीची पिशवी नव्हे ती!”

सध्या आमच्याकडे काठी एकच आहे, दादांची. ती रविवारी मिळते. नव्या काठीची किंमत ऐकून ह्यांनी चष्मा पुसला. वापरलेली कुठे मिळते का, त्याची चौकशी चालू आहे. खाचरात आता लेकीबरोबर माझ्या वर्गातल्या दोघी येतात. एकीची आई पहिल्यांदा नुसती सोबतीला आली होती, दुसऱ्या खेपेला तिने पदर खोचला. शेतमालक बांधावर बसून हसतो, पण रेघ पुसली की त्याला आधी कळतं. पावसाळ्यात इथे भात लावणार का, असं विचारलं तर तो नीट उत्तर देत नाही. शेजारच्या दोन खाचरांत हद्दीचे दगड रोवले गेले आहेत.