हंपीची छायाचित्रे आणि घरचे परीक्षक

प्रवासाहून परत आलेल्या मनुष्यास दोन गोष्टींची फार घाई असते. एक, स्नान करून घरच्या वरणभातावर बसण्याची; आणि दुसरी, आपण काढून आणलेली छायाचित्रे चार जणांपुढे मांडण्याची. पहिल्या गोष्टीत त्याचे समाधान सहसा होते. दुसरीत ते होईलच असे नाही. पाहणारा भिडस्त असला तर तो ‘वा, छान!’ म्हणून पुढचे चित्र मागतो; आणि पाहणारा घरचाच असला तर असे काही विचारतो, की प्रवास आपण केला की त्याने, असा आपणांसच संभ्रम पडावा. या दुसऱ्या प्रकारच्या परीक्षकांनी मला जे शिकविले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

2018 सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून हंपीस गेलो. आम्ही म्हणजे मी, सौ., आमची दोन मुले आणि महाविद्यालयात शिकणारा माझा पुतण्या. होसपेटपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे सुमारे 13 किलोमीटर मोटार. रस्त्याच्या दोहों बाजूंस उसाची व केळीची हिरवी शेते लागतात, आणि पाहता पाहता त्यांच्या मागून प्रचंड शिळांचे डोंगर डोके वर काढतात. कोणी राक्षसाच्या पोराने खेळता खेळता खडे रचावेत आणि आईने हाक मारताच ते तसेच टाकून पळावे, असा तो देखावा आहे. त्या शिळांच्या मधून तुंगभद्रा वाहते, आणि तिच्या काठी विजयनगरची राजधानी पसरलेली आहे. 1565 च्या लढाईनंतर हे नगर उजाड झाले. 1986 साली येथील अवशेषांची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. तथापि विरूपाक्षाच्या देवळात पूजाअर्चा आजही चालू आहे, आणि त्यामुळे त्या उजाड नगरीत पहाटे घंटेचा नाद ऐकू येतो.

या विरूपाक्षाच्या देवळात एक मौज पाहावयास मिळते. गाभाऱ्याच्या मागील अंगास एक अंधारे दालन आहे. त्याच्या भिंतीतील लहानशा छिद्रातून जो उजेड आत येतो, त्यायोगे पूर्वेच्या नऊमजली, सुमारे 50 मीटर उंचीच्या गोपुराची छाया समोरच्या भिंतीवर उलटी पडते. कळस खाली आणि पाया वर! पुतण्या म्हणाला, “काका, हा तर दगडाचा कॅमेराच.” खरोखर छायाचित्रणाचे मूळ तत्त्व ते हेच, अंधारी खोली, बारीक छिद्र आणि उलटे चित्र. मी तेथेही घाईघाईने चार चित्रे घेतली आणि पुढे निघालो.

ही घाईच माझा मुख्य दोष ठरली. पाच दिवसांत मी 612 छायाचित्रे काढली. पूर्वी फिल्मच्या एका गुंडाळीत 36 चित्रे निघत, म्हणून मनुष्य कळ दाबण्यापूर्वी विचार करी. आता मोबाईलला तसला धरबंध नाही. लक्ष्मीनरसिंहाची एका शिळेतून कोरलेली भव्य मूर्ती, हजारराम मंदिराच्या भिंतींवरील रामायणाचे पट, कमलमहाल, हत्तीखाना. जे दिसेल ते मी टिपीत गेलो. आणि सर्वांत अधिक चित्रे घेतली ती विठ्ठलमंदिराच्या अंगणातील सुप्रसिद्ध पाषाणरथाची. पन्नास रुपयांच्या ज्या नोटा 2017 पासून निघाल्या, त्यांच्या पाठीवर जो रथ आहे तोच हा. त्या एका रथाची 41 चित्रे मी घेतली होती.

परत येताच निवडक चित्रे मी नातलगांच्या मोबाईलवर पाठवून दिली. दोन दिवसांत अंगठे, फुले आणि जोडलेले हात यांचा नुसता पाऊस पडला. त्या पावसाने अंग सुखावले, पण एक अक्षरही हाती लागले नाही. आमच्या आत्याबाईंस मात्र मोबाईलवरचे काही दिसत नसे. वय 84, आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी विकार झालेला. असे झाले म्हणजे समोरचे नेमके दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते. म्हणून त्यांच्यासाठी साठ चित्रे मोठ्या आकारात छापून आणली, आणि शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर सगळी मंडळी माजघरात सतरंजीवर बसली.

पहिला वार पुतण्यानेच केला. “काका, हजाररामाचे पट तुम्ही ऐन दुपारी टिपलेत. ऊन डोक्यावर असले की कोरीव काम सपाट दिसते. सकाळी नाही तर संध्याकाळी ऊन तिरपे पडते, तेव्हा बारीक रेघही उठून येते.” पुढे नरसिंहाचे चित्र आले. ती मूर्ती 1528 सालची, जवळजवळ सात मीटर उंच. पण माझ्या चित्रात शेजारी एकही मनुष्य नसल्यामुळे ती देव्हाऱ्यातील मूर्तीएवढीच वाटत होती. धाकटीने तर विचारलेच, “हा देव आपल्या कपाटात मावेल का?”

वहिनींची तक्रार निराळी. “भावोजी, देवळे दिसली, खांब दिसले, पण तुम्ही उतरलात कुठे, जेवलात काय, नदी ओलांडलीत कशातून, यातले काहीच नाही.” नदी आम्ही वेताच्या गोल टोपलीसारख्या नावेतून ओलांडली होती. ती नाव भोवऱ्यासारखी फिरू लागताच मी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. कॅमेरा कोण धरणार? हे कबूल करताच दादा मोठ्याने हसले आणि म्हणाले, “अरे, सगळ्या साठ चित्रांपेक्षा हीच हकीकत पाहण्यासारखी होती.”

इतका वेळ आत्याबाई बोलत नव्हत्या. एकेक चित्र हाती घ्यावे, मान किंचित वळवून तिरप्या नजरेने न्याहाळावे आणि खाली ठेवावे, असे त्यांचे चालले होते. मग त्यांनी विचारले, “अरे, ही कडेला अर्धी कोण उभी आहे?”

मी चित्र घेऊन पाहिले. मंडपाच्या अगदी डाव्या कडेस निळ्या साडीचा पदर, एक हात आणि हातात मुलांचे स्वेटर. “आणि या चित्रातही तीच,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांना मधले दिसत नव्हते म्हणूनच कडेचे दिसले. मग आम्ही चित्रे पुन्हा चाळली. साठांपैकी अकरा चित्रांत सौ. अशी कडेला होती. कोठे नुसता खांदा, कोठे पाण्याची बाटली धरलेला हात, कोठे सावली. संपूर्ण अशी ती एकाही चित्रात नव्हती. “जरा बाजूला हो, रथ अडतो आहे,” हे शब्द पाच दिवस मीच उच्चारीत होतो. सौ. काही बोलली नाही. दुधाचे पेले गोळा करून ती आत गेली. त्या रात्री मला जी टीका सर्वांत लागली, ती हीच.

परंतु आत्याबाईंचे परीक्षण अद्याप संपले नव्हते. रथाचे सातवे की आठवे चित्र हाती येताच त्या म्हणाल्या, “रथ पुरे झाला रे. तो ज्याच्यासाठी होता, तो विठोबा उभा होता ती जागा दाखव.”

आमच्या आत्याबाई पूर्वी दरवर्षी कार्तिकीस पंढरपूरला जात. पंढरपूरचा विठोबा विजयनगरच्या राजाने आपल्या राजधानीस नेला, आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथमहाराजांच्या पणजोबांनी, तो परत आणला, ही कथा त्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. महिपतींचा ‘भक्तविजय’ त्यांच्या नित्यवाचनातला. डोळे अधू झाल्यावर तो ग्रंथ पुतणी त्यांस वाचून दाखवी. आम्ही हंपीस निघालो तेव्हा “विठोबाचे देऊळ नीट पाहून ये” एवढेच त्यांनी सांगितले होते, आणि मी होकार देऊन ते विसरलो होतो.

ती जागा दाखविण्यास माझ्यापाशी एकही चित्र नव्हते. हा रथ म्हणजे वस्तुतः गरुडाचे मंदिर. त्याचे तोंड देवाकडे, म्हणजे पश्चिमेस आहे. रथ समोरून साधावा म्हणून मी 41 वेळा विठ्ठलाच्या देवळाकडे पाठ करून उभा राहिलो होतो! गाभारा रिकामा आहे, आत मूर्ती नाही, असे वाटाड्याने सांगितल्यावर आत डोकावण्याचे कष्टही मी घेतले नाहीत. मी हे सांगितले. आत्याबाई रागावल्या नाहीत. “असू दे,” म्हणाल्या, आणि चित्रांची चळत माझ्या हाती दिली.

पुढे काही दिवसांनी हंपीविषयी वाचीत असता अलेक्झांडर ग्रीनलॉ याची हकीकत माझ्या वाचनात आली. मद्रासकडील लष्करातल्या या अधिकाऱ्याने 1856 साली मोठा अवजड कॅमेरा नेऊन या अवशेषांची छायाचित्रे घेतली. त्या काळी मेण चोळलेल्या कागदावर उलटे चित्र उमटवीत आणि त्यावरून सुलटे छापीत. त्याने घेतलेल्या चित्रात पाषाणरथाच्या माथ्यावर विटांचे शिखर दिसते. ते पुढे काढून टाकण्यात आले. आज रथाचा माथा सपाट आहे. 1983 साली जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागा शोधून, तेथेच उभे राहून पुन्हा चित्रे घेतली, तेव्हा सव्वाशे वर्षांत काय उरले आणि काय गेले हे जोडीने पाहता आले. जे कोणी टिपून ठेवले तेच मागच्यांस दिसते. माझ्या घरात तर सव्वाशे वर्षांचाही प्रश्न नव्हता. आत्याबाईंची दृष्टी सुधारणार नाही, उलट आहे तीही उणावत जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

फेब्रुवारी 2019 मध्ये चार दिवसांची रजा काढून आम्ही उभयता पुन्हा हंपीस गेलो. या खेपेस कॅमेरा निम्मा वेळ सौ.कडे होता. विठ्ठलमंदिरात रथापाशी न थांबता आम्ही सरळ आत गेलो. गाभाऱ्यात काही नाही. दगडी जमीन, दगडी भिंती, वटवाघळांचा उग्र दर्प आणि दारातून आत पडलेला फिकट उजेड. मी पाच-सहा चित्रे घेतली, ती सारी काळी आली. मग सौ. म्हणाली, “तुम्ही दाराशी उभे राहा. माणूस असल्याशिवाय जागा केवढी ते आत्याबाईंना कळायचे नाही.” ती खांबास टेकून, श्वास रोखून, हात न हलविता उभी राहिली आणि तिने एकच चित्र घेतले.

या वेळी छापून आणली ती अवघी चोवीस चित्रे. प्रत्येकाच्या पाठीवर स्थळ, तिथी आणि वेळ पेन्सिलीने लिहिली. सौ. त्यांपैकी दहांत होती. अर्धी नव्हे, सबंध. गाभाऱ्याचे चित्र मात्र पाटाएवढे मोठे करविले होते. आत्याबाईंनी ते खिडकीशी नेऊन मान वळवून, या कडेने आणि त्या कडेने, पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “रिकामाच आहे ते बरे. भरलेला असता तर आमच्या पंढरपुरास कोण भेटले असते?” आणि पुन्हा एकवार चित्र डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारले, “पण हा कडेला अर्धा कोण उभा आहे?”

“तो मी,” मी म्हणालो.

“हं,” आत्याबाई म्हणाल्या, “आता फिटंफाट झाली.” त्या दिवशी पेले मी गोळा केले.

वाचकांनीही सुट्टीत प्रवास करावा, चित्रे काढावीत आणि ती अवश्य दाखवावीत. पण दाखविताना सहाशे दाखवू नयेत. वीस-पंचवीस निवडावीत, आणि ती निवडण्याचे काम बरोबर आलेल्या मनुष्याकडून करवून घ्यावे. पाहणाऱ्यांनीही ‘छान’ म्हणून सुटका करून घेऊ नये. काय आवडले, काय कळले नाही आणि काय पाहावयाचे राहिले, हे स्पष्ट विचारावे. विशेषतः जी वडील माणसे आता घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना निघण्यापूर्वीच पुसून घ्यावे, की तुम्हांस तिथले काय पाहावयाचे आहे? आपल्या डोळ्यांनी त्यांनाही थोडा प्रवास करावयाचा असतो.

आत्याबाईंनी ते मोठे चित्र भिंतीवर लावू दिले नाही. त्याचीच एक लहान प्रत मागून घेतली आणि ‘भक्तविजया’त, भानुदासांची कथा जेथे येते तेथे खुणेसाठी ठेवली. आत्याबाई आता नाहीत. तो ग्रंथ सौ. वाचते, खूण तीच आहे.