मेडिसिन हॅटपर्यंत

लग्नानंतर मी प्रथम ह्यांच्या मागे बसले ती येझदीवर. १९८१ साल होते. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालो होतो आणि अंजनेरीचा डोंगर दिसू लागताच पावसाने गाठले. एका हाताने पदर सांभाळत आणि दुसऱ्या हाताने सीटचा पट्टा घट्ट धरून मी भिजत बसले होते. पुढून आवाज आला, "भीती वाटली तर सांग, थांबू." त्या दिवशी मी काही बोलले नाही. ते वाक्य खऱ्या अर्थाने उपयोगात आणायला मला त्रेचाळीस वर्षे लागली, आणि तेही दुसऱ्या खंडात.

आम्ही कॅनडातील विनिपेगला राहतो. मुलगी आणि जावई कॅलगरीला असतात. ट्रान्स-कॅनडा महामार्गाने हे अंतर साधारण १३३० किलोमीटर भरते, आणि ते जवळजवळ सगळे प्रेअरीतून जाते. प्रेअरी म्हणजे अफाट गवताळ मैदान. आता बहुतेक ठिकाणी त्या गवताची जागा गहू, कॅनोला आणि कडधान्यांनी घेतली आहे. शरद ऋतूत ही वाट मोटरसायकलने एकदा तरी पार करायची, हा ह्यांचा जुना मनोरथ. नोकरी, कर्ज, आजारपणे यांत तो मागे पडत गेला. गेल्या वर्षी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज वाढली. डॉक्टरांनी मनाई केली नाही. ते एवढेच म्हणाले, "क्लच दाबताना हात काय सांगतो ते ऐका." घरी आल्यावर हे म्हणाले, "यंदा नाही तर कधीच नाही."

ह्यांचे वय ७१, माझे ६७. मुलीला कळवले तेव्हा ती फोनवर क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "बाबा, विमानाने दोन-अडीच तासांत याल. आई, तू तरी सांग ना त्यांना." मी सांगितले नाही. मलाही जायचे होते. शेवटी तिनेच माघार घेतली, पण तीन अटी घातल्या. दिवसाला ३०० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. सूर्य कलल्यावर रस्त्यावर नाही, कारण संध्याकाळी हरणे आडवी येतात. आणि दोघांपैकी कोणीही "थांबू" म्हटले, तर कारण न विचारता थांबायचे. धावत्या गाडीवर बोलणे ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरली: मी खांद्यावर तीनदा थोपटायचे.

सपाटीचा अर्थ

सप्टेंबरचा चौथा आठवडा होता. पितृपक्षाचे दिवस. नाशिकला या दिवसांत पावसाची परतीची सर येते. विनिपेगला मात्र पहाटे गवतावर दहिवर गोठू लागते. शहर सोडल्यावर जमीन अशी सपाट होते की डोळ्यांना अडायला काही उरत नाही. ही सपाटी उगाच आलेली नाही. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाचे एक प्रचंड सरोवर येथे पसरले होते. त्याला आज अगासिझ म्हणतात. आपण चालतो ती त्या सरोवराच्या तळाची माती.

दूरवर एखादे धान्याचे उंच लाकडी कोठार दिसे. ते जवळ यायला दहा मिनिटे लागत. रेल्वेच्या कडेला उभी असलेली अशी कोठारे एके काळी प्रेअरीवर पाच हजारांहून अधिक होती. आता थोडीच उरली आहेत. गावाचे नाव रंगवलेले कोठार दिसले, की पंढरीच्या वाटेवर कळस दिसावा तसे वाटे: आता पाणी, चहा आणि टेकायला जागा मिळणार.

सडकेच्या कडेला ॲस्पेनची झाडे पूर्ण पिवळी झाली होती. या झाडाच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे वारा नसल्यासारखा असला तरी पाने थरथरत राहतात. डोक्यावरून बगळ्यांच्या माळेसारखे कॅनडा हंसांचे थवे दक्षिणेकडे जात होते. त्यांचा आवाज हेल्मेटमधूनही ऐकू येई.

पहिला मुक्काम व्हर्डनला, दुसरा रिजायनाला. मॅनिटोबाची हद्द ओलांडून सस्कॅचवानमध्ये शिरलो तेव्हा घड्याळ एक तास मागे गेले. उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत या प्रांतात बहुतेक ठिकाणी नाही. गोष्ट गमतीची, पण ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या दृष्टीने महत्त्वाची. गोळी कोणत्या आठ वाजता घ्यायची? मी मनगटावरचे घड्याळ बदललेच नाही. प्रवासभर औषधे विनिपेगच्या वेळेनेच दिली.

मसुराचा शेतकरी

रिजायनाच्या मोटेलमध्ये न्याहारीला शेजारच्या टेबलावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. आम्ही भारतातले हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मी मसूर पिकवतो," ते म्हणाले. "तो तुमच्याकडेच जातो." सस्कॅचवानमध्ये मसुराची लागवड मोठ्या प्रमाणावर रुजली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. तेथील विद्यापीठात ॲल्फ्रेड स्लिंकार्ड यांनी तयार केलेले लेअर्ड नावाचे वाण १९७८ मध्ये आले आणि शेतकऱ्यांनी गव्हाच्या जोडीला कडधान्य घेणे सुरू केले. जमिनीलाही त्यातून नत्र मिळते. माझ्या पिशवीत विनिपेगहून आणलेल्या मसूरडाळीची पुडी होती. ती मी काढून दाखवली तेव्हा त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

ते ७४ वर्षांचे होते. कापणीचे यंत्र अजून स्वतः चालवत. ह्यांनी कौतुक केले तेव्हा म्हणाले, "यंत्र चालवतो, पण कोठीच्या शिडीवर आता चढत नाही. ते मी स्वतः ठरवले. मुलाने सांगितले असते, तर हट्टाने अजून चढत राहिलो असतो."

हे हसले. मी हसले नाही. आदल्या रात्री पाण्याच्या बाटलीचे झाकण ह्यांना उघडता आले नव्हते. बाटली त्यांनी न बोलता माझ्यासमोर सरकवली, मी न बोलता उघडली, आणि दोघांनीही काही घडलेच नाही असे केले.

तिसऱ्या दिवशी फक्त ७० किलोमीटर गेलो, मूस जॉपर्यंत. तेथे जमिनीखालून येणाऱ्या गरम खनिज पाण्याचा तलाव आहे. त्या पाण्यात हे अर्धा तास हात बुडवून बसले. "एकदम मोकळा झाला," म्हणाले. मला बरे वाटले, आणि मनात कोठेतरी हेही वाटले की हे वाक्य माझ्यासाठी बोलले गेले आहे.

चौथ्या दिवशी चॅप्लिनचे खारे सरोवर लागले. महामार्गालगत पांढरेशुभ्र ढीग होते. मला वाटले, बर्फ पडला की काय! ते सोडियम सल्फेट होते. या खाऱ्या पाण्यात वाढणारे बारीक जीव खाऊन हजारो मैलांच्या प्रवासाला निघालेले लहान पक्षी येथे बळ गोळा करतात. उतरून पाय मोकळे करताना मनात आले, एवढासा पक्षी, पण कोठे थांबायचे हे त्याला नेमके ठाऊक असते.

तीनदा थोपटले

स्विफ्ट करंटहून पाचव्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा तापमान १० अंश होते आणि वायव्येकडून वारा सुटला होता. १० अंशांत ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अंगाला तो गारवा साधारण ४ अंशांइतका लागतो. प्रेअरीवर वाऱ्याला अडवणारे काही नसते. समोरून मोठा मालट्रक गेला, की हवेची भिंत छातीवर आदळते आणि पुढच्याच क्षणी नाहीशी होते. अशा वेळी गाडी सावरायला दोन्ही हात हवेत.

वीस मिनिटांनी मी ह्यांच्या खांद्यावर तीनदा थोपटले. त्यांनी उजव्या हाताने खूण केली: पुढच्या गावी. अट अशी नव्हती. मी पुन्हा थोपटले, या वेळी जोराने. तेव्हा गल लेक या छोट्या गावाकडे गाडी वळली.

पेट्रोल पंपाच्या कडेला खडी होती. गाडी अगदी चालण्याच्या वेगात असताना क्लच पुरता दाबला गेला नाही. इंजिनाने एक धक्का दिला, ते बंद पडले आणि गाडी डावीकडे कलली. मी कशीबशी उतरले, गुडघा खरचटला. हे गाडीखाली आले नाहीत, पण गाडी आडवी झाली आणि त्यांना उचलता येईना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा एका ट्रकचालकाने येऊन, एक शब्दही न बोलता, ती उभी केली.

आत जाऊन बसलो. कॉफीचा पेला ह्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अर्ध्या तासापासून डाव्या हाताची बोटे कळत नव्हती. तू थोपटलेस तेव्हाही."

"अहो, मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो, तर तिथेच संपले असते."

मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या मागोमाग बाटलीचे ते झाकण आठवले. त्यांनी लपवले, हे खरे. मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले, हेही तितकेच खरे. आपल्या माणसाचा मान राखायचा म्हणून आपण गप्प बसतो, आणि त्या मौनाच्या आधारावर तो धोका पत्करत राहतो. हे मी त्यांना बोलून दाखवले. त्रेचाळीस वर्षांत इतके सरळ आम्ही क्वचितच बोललो असू.

त्या दिवशी पुढे गेलो नाही. गावातच मुक्काम केला. संध्याकाळी ह्यांनी फोन मागून घेतला. रोज फोन मीच करत असे. मुलीला म्हणाले, "बाळ, जावयांना ट्रक घेऊन मेडिसिन हॅटला पाठवशील का? वारा नसला तर तिथपर्यंत आम्ही हळूहळू येतो. पुढे नको." पलीकडे ती रडत होती असे मला वाटले. ती एवढेच म्हणाली, "मीही येते, बाबा."

वैद्याचे शिरोभूषण

दुसऱ्या दिवशी वारा पडला. स्वच्छ ऊन होते. दर अर्ध्या तासाला थांबत, बोटे उघडमीट करून पाहत, मेपल क्रीकला पोचलो. दक्षिणेला सायप्रस हिल्सच्या निळसर टेकड्या दिसत होत्या. रॉकी पर्वत आणि पूर्वेकडील लॅब्राडोर यांच्या मधली कॅनडातील सर्वांत उंच जागा त्या टेकड्यांत आहे. हिमयुगात सगळे मैदान बर्फाखाली गेले, तेव्हा त्यांचे माथे मात्र वर राहिले. तेथे जायचा बेत होता. तो सोडून दिला. मोटेलच्या अंगणात खुर्च्या टाकून त्या टेकड्यांवरचा सूर्यास्त पाहिला. सस्कॅचवानच्या गाड्यांच्या पाटीवर 'जिवंत आकाशांची भूमी' अशा अर्थाचे शब्द असतात. त्या संध्याकाळी ते पटले.

सातव्या दिवशी शेवटचे शंभरेक किलोमीटर. मेडिसिन हॅटच्या वेशीवर १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकसाठी उभारलेला आणि नंतर येथे आणलेला पोलादी टीपी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या तंबूची भव्य प्रतिकृती, दुरूनच दिसते. गावाचे नाव ब्लॅकफूट लोकांच्या 'सामिस' या शब्दावरून आले. त्याचा संबंध वैद्याच्या पिसांच्या शिरोभूषणाशी जोडतात. त्या टीपीच्या सावलीत मुलगी आणि जावई उभे होते. ह्यांनी इंजिन बंद केले, स्टँड लावला, हेल्मेट काढले आणि किल्ली जावयांच्या हाती दिली. "पुढच्या वसंतात चांगला गिऱ्हाईक बघा," म्हणाले. मग मुलीने त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळू लागली.

कॅलगरीपर्यंतचे उरलेले अंतर आम्ही ट्रकच्या मागच्या सीटवर बसून गेलो. प्रथमच दोघे शेजारी बसून ती सडक पाहत होतो. एवढ्या वर्षांत माझ्या वाट्याला समोरचा रस्ता कमी आणि ह्यांची पाठच जास्त आली होती. हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, मग खिडकीकडे तू बस."

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी

• निघण्यापूर्वी डॉक्टरांना फक्त "जाऊ का?" असे विचारू नका, "कशावरून समजावे की आता थांबायचे?" हेही विचारा.

• वयानुसार तहान कमी जाणवते. प्रत्येक थांब्यावर, तहान नसली तरी, थोडे पाणी घ्या. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असल्यास डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्या.

• वाहन कोणतेही असो, दर तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चाला. एकाच स्थितीत बसून राहिल्याने पायांतील रक्त साकळण्याचा धोका वाढतो.

• थंडीत बोटे बधिर होणे, बोलणे अडखळणे, विनाकारण चिडचिड किंवा गोंधळ ही शरीर थंड पडत असल्याची लक्षणे असू शकतात. लगेच उबेला जा.

• वेळेचा पट्टा बदलत असेल, तर औषधांच्या वेळा आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा.

• घरच्यांनी, वाहन चालवणे सोडण्याचा निर्णय शक्यतो ज्येष्ठांनाच घेऊ द्यावा. मात्र जे दिसते ते वेळेवर आणि प्रेमाने बोलून दाखवावे. आणि धोका स्पष्ट असेल, तर वाट पाहू नये.