एका हट्टी नटाची गोष्ट

नट म्हटले की मराठीच्या प्राध्यापकांसमोर रंगभूमी उभी राहते. आमचेही तेच. गडकरी रंगायतनात पाहिलेली नाटके आणि वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेला 'नटसम्राट' एवढीच आमची या जमातीशी ओळख. गेल्या हिवाळ्यात आमची गाठ पडली तो नट मात्र लोखंडाचा होता आणि आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यभागी दीड तपाहून अधिक काळ ठाण मांडून बसला होता.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघेही मराठी शिकवतो आणि माजिवड्यात राहतो. घरात तिसरे बाबा, आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1962 साली आपल्या कामाचा आरंभ केला तो याच वसाहतीत. बाबांचा कारखाना पुढे बंद पडला. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी 2006 साली मारुती 800 घेतली. तिच्यावर पैसे घालवू नका, असे तेव्हा आम्हीच त्यांना ऐकवले होते. ते इथे कबूल करणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूमुळे डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे थांबवले. बाबांनी वाद घातला नाही. किल्ली मुलाच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खाली जाऊन फडक्याने गाडी पुसू लागले. मग चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने बेअरिंग गेल्याचे निदान केले आणि वर सल्ला दिला, "हिच्यात आता काय राहिलंय? भंगारात द्या." त्याचे अगदीच चूक नव्हते. या गाडीचे उत्पादन 2014 सालीच थांबले आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आमच्या गाडीची वाढवून मिळालेली मुदत 2026 पर्यंतची. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या रात्री जेवताना म्हणाले, "बेअरिंग गेलंय. गाडी गेलेली नाही."

शनिवारी संध्याकाळी त्यांनी फर्मान काढले, "साहित्य काढा." आमच्या घरात 'साहित्य' या शब्दाचा हा अर्थ वीस वर्षांत कोणी वापरला नव्हता. माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी खाली आली. गोटी पाने, टॉमी, छिन्नी, हातोडी, प्रत्येक वस्तू तेलाच्या चिंधीत गुंडाळलेली. नटाच्या खाचांतून आरपार गेलेली स्प्लिट पिन गंजून तुकड्यातुकड्याने निघाली. बाबांनी आट्यांवर तेल सोडायला लावले आणि म्हणाले, "रात्रभर पिऊ दे." लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे एकमेकांत आवळले जातात आणि तेलाला त्यांतून वाट काढायला वेळ लागतो. शेजारच्या गृहस्थांनी गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याची सूचना केली. "आत रबर आहे, ग्रीस आहे," एवढेच बोलून बाबांनी ती निकालात काढली.

रविवारी सकाळी आम्ही गोटी बसवली, टॉमीवर तीन फुटी लोखंडी पाइप चढवला आणि विद्वत्ता पाजळली. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे आम्हाला ठाऊक होते. ही बाजूही डावी, तेव्हा हा नटही उलटाच असणार, असा आमचा सिद्धान्त. पंधरा मिनिटे घाम गाळल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आवाज आला, "मास्तर, घट्ट करताय." चालता चालता नट आपोआप सैल होऊ नये म्हणून स्प्लिट पिन असते, त्यामुळे या गाडीत उलट्या आट्यांची गरजच नाही. हे त्यांना पहिल्या मिनिटापासून दिसत होते. आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही बोलत होतात."

आता पाइप गाडीच्या तोंडाकडे वळवून खाली दाबायचा होता. अशा छोट्या गाड्यांचा हा नट सामान्यतः दीडशे-दोनशे न्यूटन-मीटर जोराने आवळतात. साठ किलोचे माणूस तीन फुटी पाइपच्या टोकावर उभे राहिले, तर पाचशेच्या वर जोर पडतो. तरीही नट ढिम्म. उलट चाकच फरशीवर फिरू लागले, कारण हँडब्रेक धरतो तो मागच्या चाकांना. पुढचे चाक जखडायचे तर कोणीतरी आत बसून पायाचा ब्रेक दाबून धरायला हवा होता. पाइपवर मात्र आम्हा दोघांची गरज होती. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिले. काय करायचे हे दोघांनाही कळले होते, पण ते आधी कोणी उच्चारावे याचा संकोच होता.

"बाबा, तुम्ही बसता का आत?"

ते उठले. दार उघडून चालकाच्या जागी बसले, आसन किंचित पुढे ओढले आणि आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला नीट केला. ब्रेक दाबायला आरसा लागत नाही. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी उजवा पाय रोवला. एकाने भिंतीचा आधार घेऊन पाइपच्या टोकावर पाय ठेवला, दुसरीने गोटी निसटू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरली. तिसऱ्या दणक्याला बंदुकीसारखा आवाज झाला. गोटी तुटली असेच आम्हाला वाटले. आतून बाबा म्हणाले, "सुटला."

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. त्यांच्या देखरेखीखाली सुटे भाग काढले, नवे बेअरिंग वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर बसवून आणले आणि पुढच्या रविवारी सगळे जागच्या जागी गेले. नवी स्प्लिट पिन घालायला बाबांनी हट्टाने स्वतः हात घातला. बोटे थरथरत होती आणि डोळ्यांना भोक नीट दिसत नव्हते. त्यांना ती चाचपडत बसवायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ आम्ही दोघे उगाचच पाने पुसत राहिलो.

नट सुटला त्या रविवारची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. पाइप बाजूला ठेवून, "बाबा, सोडा आता ब्रेक," असे आम्ही दोनदा म्हणालो. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर सोसायटीच्या फाटकाकडे. "सोडतो रे," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

गाडी दुरुस्त झाल्यावर आम्ही तिघे घोडबंदर रस्त्याने एक फेरी मारून आलो. बाबा डाव्या बाजूला, खिडकीची काच खाली करून, चाकाच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. घुमणे थांबले होते. परत येताना कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा आमच्यापैकी मागे बसलेलीला दिसले की बाबांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर घट्ट दाबलेला आहे.