कांडणाची ओवी आणि दोन राजधान्या

१/
कंधारच्या किल्ल्यावर येणारा अभ्यासक खंदक पाहतो, बुरूज न्याहाळतो, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचे नाव टिपून घेतो. संगीताच्या शोधात येथे सहसा कुणी येत नाही. मात्र नांदेड-लातूरचा हा मुलूख राष्ट्रकूटांनंतर ज्या दोन राजधान्यांच्या अमलाखाली नांदला, त्या दोन्ही ठिकाणी भारतीय संगीताचे आधारग्रंथ सिद्ध झाले. त्या दोन्ही ग्रंथांत एक गाणे समान आहे आणि ते दरबारातले नाही.

२/
पहिली राजधानी कल्याणी, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, हत्ती-घोडे, पाककला, खेळ यांच्या जोडीने त्यात गीत, वाद्य व नृत्य यांचेही विवेचन आहे. कोणते गीत कोणत्या प्रसंगी गातात हे सांगताना राजा नोंदवतो : महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात.

३/
नोंद त्रोटक आहे, पण मोलाची आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधी ओवी, ती गाणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे काम ही तिन्ही एकत्र लिहिली गेली. ग्रंथातील ‘कंडन’ म्हणजेच आपल्या घरांतले ‘कांडण’.

४/
दुसरी राजधानी यादवांची देवगिरी. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या भास्कर नावाच्या पंडिताचा नातू शार्ङ्गदेव हा सिंघण राजाच्या पदरी होता. त्याचा हुद्दा श्रीकरणाधिपाचा, म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराच्या प्रमुखाचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, या दोन्ही परंपरा आजही त्याला प्रमाण मानतात.

५/
ग्रंथाचे अध्याय सात : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. बावीस श्रुती सिद्ध करण्यासाठी शार्ङ्गदेव दोन वीणा शेजारी ठेवतो. एकीच्या तारा अचल राहतात, दुसरीच्या क्रमाक्रमाने उतरवल्या जातात आणि कानाला भेद कळत जातो. हिशेबनिसाची शिस्त येथे स्वरांना लागू झालेली दिसते.

६/
याच काटेकोर ग्रंथाच्या प्रबंधाध्यायात ओवीचे लक्षण येते : प्रासयुक्त तीन खंड, देशभाषेत गायन, शेवटी ‘ओवी’ हा शब्द. शास्त्रनियमांनी बांधलेल्या ‘मार्ग’ संगीतासोबत प्रदेशोप्रदेशीचे, लोकांच्या मनाला रुचणारे ‘देशी’ संगीतही शार्ङ्गदेवाने शास्त्राच्या कक्षेत घेतले. काश्मिरी घराण्यातल्या पंडिताने मराठी बायकांच्या गाण्याचे लक्षण संस्कृतात बांधावे, ही साधी गोष्ट नव्हे.

७/
पुढे ज्ञानेश्वरांनी गीतेचे भाष्य याच छंदात केले. यमकाने जुळलेले तीन चरण आणि चौथा आखूड, अशी ती ओवी. पांडित्याचा विषय सांगायला त्यांनी घराघरांत गायिली जाणारी चाल निवडली, म्हणूनच तो ऐकणाऱ्याला परका वाटला नाही.

८/
१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. ‘संगीतरत्नाकर’ टिकला, त्यावर सिंहभूपाल आणि कल्लिनाथ यांनी टीका लिहिल्या. पण त्यात वर्णिलेले बहुतेक प्रबंध काळाच्या ओघात गायनातून गेले. उत्तरेत आधी धृपद आणि नंतर ख्याल रुजला. राजाश्रयाचे गाणे मागे पडले. जिला कधी कुणी बिदागी दिली नव्हती, ती ओवी मात्र उखळावर, जात्यावर आणि पाळण्यापाशी चालत राहिली.

९/
तिला धक्का दिला तो पिठाच्या गिरणीने. पहाटेच्या दळणाचे कष्ट सरले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांसाठी कुणी हळहळू नये. पण जाते थांबले तशी गाण्याची वेळही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मराठवाड्यातल्याही आहेत. माजलगावच्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या त्यांतल्याच. जुन्या छंदात नवा इतिहास किती सहज बसतो, हे त्या ऐकल्यावर कळते.

१०/
सोमेश्वराने ओवी गाणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केला, शार्ङ्गदेवाने ओवीचे लक्षण दिले. तरी गाणारीचे नाव दोघांच्याही ग्रंथात नाही. या नव्या संग्रहात गाणारीचे नाव आणि तिचे गाव ओवीसोबत लिहिलेले असते. कंधार, लोहा, अहमदपूर, औसा या भागांतल्या ज्या घरांत आजी अजून दोन ओव्या आठवून म्हणू शकते, तेथे ही नोंद अपुरी आहे. ती पुरी करायला संस्कृत यावे लागत नाही. हातातला मोबाईल आणि आजीजवळ बसायला अर्धा तास पुरतो. तिचे नाव मात्र आधी लिहावे.

(समाप्त)